खिडकीतल्या काकू : आज हाऊस कसं आहे?

मागच्या अंकात संपादकांनी माझी ओळख 'रंगभूमीच्या सेविका' अशी छापली. तेव्हापासून आमच्या मजल्यावरच्या बायका मला "काय सेविकाबाई, दूध आलं का?" असं विचारतात. म्हणून एकदाच सांगते. मी मुंबईतल्या एका नाट्यगृहात तिकिटं विकत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आमच्या ह्यांचं गिरणीतलं खातं बंद पडलं ते पडलंच, आणि पुढच्या वर्षी मी बुकिंगच्या खिडकीत जाऊन बसले. एकतीस वर्षं बसले. खिडकीची काच इतकी ओरखडलेली की पलीकडचा चेहरा धुक्यातला वाटायचा. खाली पैसे सरकवायला अर्धगोल भोक, त्यातून हात तेवढे लख्ख दिसायचे. नोट सोडावी की नको अशा विचारात पडलेले हात, लग्न ठरलेल्या मुलाचे घामेजलेले हात, सुट्टे पैसे मुद्दाम मुठीत लपवून शंभराची नोट पुढे करणारे हात. मला माणसं कळतात असा दावा नाही. हात थोडेफार कळतात. त्या भांडवलावर हे सदर चाललंय.

या खेपेला पत्रं बरीच आली. निम्मी तर टीव्ही आणि मोबाईलवरून घरात झालेल्या भांडणांची.

प्रश्न : काकू, मी आणि बायको रोज रात्री जेवताना एक वेबसिरीज एकत्र बघत होतो. परवा लक्षात आलं की तिने माझ्याशिवाय पुढचे तीन भाग बघून टाकलेत, आणि माझ्यासोबत तेच भाग बघताना पहिल्यांदा बघतेय अशी दचकत होती. मला ही फसवणूक वाटते. मी चुकतोय का? मधे एक-दोनदा माझे डोळे मिटले होते हे खरं. (वय २९, पुणे)

काकू : बाळा, शेवटचं वाक्य पत्राच्या सुरुवातीला लिहायला हवं होतंस.

माझं माहेर सावंतवाडीकडचं. आमच्याकडे जत्रेला दशावतार व्हायचा. रात्री उशिरा सुरू होणार, आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, मग तो काळा संकासूर येऊन पोरांना घाबरवणार, आणि मग मुख्य आख्यान, ते उजाडेपर्यंत. लिहिलेली संहिता नाही. नट उभे राहून तिथल्या तिथे संवाद रचणार, त्यामुळे उद्या तेच आख्यान दुसऱ्या गावात लागलं तरी बोलणं वेगळं. म्हणजे एकदा झोप लागली की ते गेलं ते गेलं. आई दरवर्षी मध्यरात्रीनंतर खांबाला टेकून घोरायची. हलवलं तर म्हणायची, "झोपाक नाय, डोळे मिटून ऐकतंय." आणि सकाळी घरी जाताना आम्हाला विचारत यायची, मग राक्षसाचं काय झालं? आम्ही सांगायचो. थोडं वाढवूनच सांगायचो. राक्षस मेल्यावर पुन्हा उठला, राणीला रडताना उचकी लागली, असलं काहीही. तिला अर्धा दशावतार आमच्या तोंडचाच माहीत होता आणि तिला तोच आवडायचा.

तुझ्या बायकोने तुला झोपू दिलं, हलवलं नाही, आवाजही कमी केला असेल. ती पुढे गेली कारण खलनायक दारात उभा असताना तू घोरत होतास. आणि नंतर तुझ्यासाठी ती पुन्हा सगळं बघायला बसली. शिवाय दचकण्याचे कष्ट घेतले. तुला ते अर्ध्या भागातच ओळखू आलं म्हणजे ती नटी काही बरी नाही, पण मेहनत बघ ना! घरात एवढी मेहनत कोण कोणासाठी घेतं? तिला सांग, तू पुढे जा, मला सांग, आणि सांगताना वाढव. आणि जेवणानंतर लगेच आडवा होऊ नकोस.

प्रश्न : माझ्या सासूबाई संध्याकाळी सात ते दहा मालिका बघतात आणि तिन्ही तास त्या मालिकांना शिव्या घालतात. "काय मूर्ख बाई आहे", "असं कोणी वागतं का", "या लेखकाला धरून आणा." मी एकदा म्हटलं, आवडत नाही तर बंद करा. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आवडत नाही ते माणूस रोज का बघतो? (एक सून, नाशिक)

काकू : बंद करा म्हणालीस? अगं, त्यांच्या तोंडातला घास काढलास तू.

आमच्या चाळीत टीव्ही आला तेव्हा तो एकाच घरात होता. लाकडी शटरचा, देवघरासारखा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण आमच्या मजल्यापर्यंत ते पोचायला पुढची पाच-सहा वर्षं लागली. रविवारी संध्याकाळी सिनेमा असायचा. टीव्हीवाल्या वहिनी मोठ्यांकडून चार आणे घ्यायच्या, पोरांना फुकट. गच्चीवर अँटेना फिरवायला एक पोरगा, जिन्यात एक आणि दारात एक. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" पडद्यावर मुंग्या, आणि खोलीत चाळीस माणसं. त्या चाळीस माणसांतला एकही जण गप्प बसून सिनेमा बघत नव्हता. नायिकेने घर सोडलं की बायका तिला नावं ठेवायच्या, आणि नावं ठेवता ठेवता कोणाच्या तरी भावजयीचा विषय निघायचा. पडद्यावरची बाई हे निमित्त होतं. शेजारणीच्या तोंडावर जे बोलता येत नाही ते तिच्याकडे बघून बोलायचं.

२५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झालं तेव्हाही तेच. रविवारी सकाळी साडेनऊला नळावर भांडी तशीच पडायची. आमच्या वहिनी टीव्हीला हार घालायच्या, उदबत्ती लावायच्या, आणि हात जोडून झाले की कैकयीला असे शब्द वापरायच्या की उदबत्तीलाही लाज वाटावी. देवाची मालिका बघतानाही माणसाला शिव्या घालायला कोणीतरी लागतंच.

आता तुझ्या सासूबाईंच्या खोलीत चाळीस माणसं नाहीत. तू स्वयंपाकघरात, मुलगा कानात बोळे घालून बसलेला, नातवंडं मोबाईलवर. त्या शिव्या मोठ्याने देतात ना? मोठ्याने याचा अर्थ कोणीतरी ऐकावं. कधीतरी पोळ्या लाटता लाटता आतूनच ओरड, "आता काय केलं त्या बाईने?" बघ मग. दोन दिवसांचा अबोला वसूल होईल. फक्त तयारी ठेव, कारण मूर्ख बाई कशी असते हे सांगताना बोट मधूनच तुझ्याकडे वळणार.

प्रश्न : आमच्या साहेबांचे विनोद भयंकर असतात. सगळे हसतात म्हणून मीही हसतो, आणि घरी आल्यावर स्वतःची लाज वाटते. खोटं हसणं हा लाचारपणा नाही का? (आय.टी. कंपनीतला एक नोकरदार, ठाणे)

काकू : आता माझ्या धंद्यातला प्रश्न आला.

नाटकाच्या आधी नट अर्धवट मेकअपमध्ये खिडकीच्या मागच्या दाराशी यायचे आणि एकच विचारायचे, "काकू, आज हाऊस कसं आहे?" मोठमोठे नट. मी आकडा सांगितला की चेहऱ्यावरचा रंग बदलायचा, पावडरीखालचा. कारण त्यांना पक्कं माहीत होतं की विनोदाचं निम्मं काम नट करतो आणि निम्मं शेजारची खुर्ची करते. शनिवारी रात्री हाऊसफुल्ल असलं की ज्या वाक्याला छप्पर उडायचं, तेच वाक्य मंगळवारी दुपारी दीडशे डोक्यांसमोर तिथंच पडून राहायचं. नट तोच, वाक्य तेच, थांबण्याची जागासुद्धा तीच. म्हणून हाऊस डल असलं की आमचे डोअरकीपर तिसऱ्या घंटेच्या आधी बाल्कनीत जाऊन सांगायचे, "चला, खाली चला, पुढे बसा." प्रेक्षकांना वाटायचं, काय माणुसकी आहे, स्वस्ताच्या तिकिटात पुढची खुर्ची दिली. माणुसकी कसली! विखुरलेली माणसं हसत नाहीत. त्यांना खेटून बसवावं लागतं, मग एकाचं हसू दुसऱ्याला लागतं, जांभई लागते तसं.

मी खिडकीत बसून भिंतीपलीकडचे हशे मोजायचे. संवाद ऐकू येत नसत, हशा मात्र यायचा. चालू नाटकाचे हशे मला पाठ असायचे. पहिल्या अंकातला सातवा पडला की मी चहावाल्याला हाक मारायचे, "ठेव रे आधण," आणि त्याचा चहा उकळेपर्यंत मध्यंतर झालेलं असायचं. एखाद्या दिवशी पाचवा पडायचाच नाही. तेव्हा मी समजायचे, आज आत काहीतरी बिनसलंय. बहुतेक वेळा पुढच्या दोन रांगांत पासवाले बसलेले असायचे. पासवाल्यांचं पुढे सांगते.

तर मुला, दहा जण हसत असताना तुझं तोंड आपोआप उघडलं तर त्यात लाचारी काही नाही. लाचार तो, जो विनोद संपायच्या आधी हसतो. तो कोण आहे हे तुला माहीत आहे, आणि खरं सांगू का, साहेबालाही माहीत असतं. तू दुसरा किंवा तिसरा हस. आणि साहेब एकटा तुझ्यासमोर विनोद करेल तेव्हा काय करायचं, हा खरा कठीण प्रश्न आहे, तो तू विचारलाच नाहीस. माझ्याही वरती एक व्यवस्थापक होते. गल्ल्यात चिल्लर संपली की म्हणायचे, "सुट्टे नसतील तर हास्य द्या." अकरा वर्षं हा एकच विनोद. मी अकरा वर्षं हसले. पहिल्या वर्षी लाचारीने, पुढे सवयीने, आणि ते निवृत्त झाल्यावर नव्या माणसाने तो विनोद केला नाही तेव्हा मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

प्रश्न : मला नाटकाची आवड आहे, ह्यांना नाही. मैत्रिणींचं कधी जमतं, कधी नाही. एकटीने नाटकाला जावं का? लोक बघतात असं वाटतं. (वय ५८, सांगली)

काकू : जा ताई. सांगलीत राहून नाटकाला जायला परवानगी कसली मागता? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली तुमच्याच गावात राजेसाहेबांपुढे पहिला खेळ केला, त्याच्या तारखेला, ५ नोव्हेंबरला, आम्ही दरवर्षी रंगभूमी दिनाचे पेढे खायचो.

लोक बघतात म्हणता, पण काय बघतात? तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे का, तिच्यावर पिशवी ठेवता येईल का, एवढंच.

बुकिंगवाल्यांच्या बाजूने मात्र एक कबुली देते. एकट्या माणसाचा आम्हाला राग यायचा. आमच्यापुढे सभागृहाचा छापील प्लॅन असायचा, विकलेल्या खुर्चीवर निळ्या पेन्सिलीने फुली मारायची. लोक जोडीने येतात. मधलीच एक खुर्ची गेली की दोन्हीकडे विषम उरतं आणि ती एकांडी खुर्ची शेवटपर्यंत खपत नाही. म्हणून एकटा माणूस आला की मी त्याला हळूच कडेची द्यायचे. वर म्हणायचे, "इथून बाहेर पडायला बरं पडतं." तुम्हाला कोणी असं सांगितलं तर ऐकू नका. मधली मागा, हक्काने.

आमच्याकडे एक गृहस्थ दर महिन्याला दोन तिकिटं काढायचे, नेहमी एफ रांग, आणि एकटेच बसायचे. डोअरकीपर मंडळींनी त्यांची मोठी करुण कहाणी रचली होती. बायको वारली असेल, तिच्या आठवणीत तिची खुर्ची रिकामी ठेवत असतील वगैरे. चहावाला तर त्यांच्याकडून पैसे घ्यायचा नाही. एकदा मी धीर करून विचारलं. म्हणाले, "बाई, शेजारच्याचा कोपर मला सहन होत नाही. हाताला हात लागला की नाटकातलं लक्ष उडतं. पिशवी ठेवायलाही होते." बायको घरी ठणठणीत होती, तिला तमाशापट आवडायचे. चहावाल्याने त्या दिवसापासून पैसे घ्यायला सुरुवात केली.

दुपारचा खेळ असेल तर आधी तो बघा. दुपारी एकट्या आलेल्या बायका तुम्हाला वाटतात त्याहून पुष्कळ असतात. मध्यंतरात वड्याच्या रांगेत ओळख होते. नाही झाली तर वडा तर मिळतोच.

प्रश्न : ओळखीच्या कलाकाराकडे नाटकाचा पास मागणं वाईट दिसतं का? (सातारा)

काकू : हो.

आता सविस्तर. तिकीट घेणारा हात भोकातून आत येतो. पास मागणारा हात आत येतच नाही. तो माणूस खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकतो, रांगेला पाठ करतो आणि आवाज खाली आणतो. "आपलं काही होईल का?" या 'आपलं'मध्ये तो मलाही ओढून घ्यायचा. पासवाल्याला ए किंवा बी रांगच लागते. तो उशिरा येतो, हसत नाही, आणि मध्यंतरात "मजा नाही हो पूर्वीसारखी" हे वाक्य त्याचंच असतं.

हे दुसऱ्याचं सांगतेय असं समजू नका. आमच्या घरातच एक नमुना होता, माझे धाकटे दीर. माझी नोकरी लागली त्या महिन्यापासून त्यांनी स्वतःच्या पैशाने नाटक पाहिलं नाही. आणि एक नाटक आवडेल तर शपथ. हा नट ओरडतो, ती जाड झाली, शेवट पोचला नाही. एकदा गर्दीच्या नाटकाचा पास मिळेना, बायकोने हट्ट धरला, तेव्हा त्यांनी माझ्याच खिडकीतून दोन तिकिटं रोख पैसे मोजून घेतली. मी त्यांचा हात पाहिला. नोटा दोनदा मोजल्या आणि सोडताना एक क्षण धरून ठेवल्या. नाटक मी आधी पाहिलं होतं, बेताचंच होतं. दुसऱ्या दिवशी दीर घरी येऊन म्हणाले, "वहिनी, काय नाटक आहे! असं नाटक दहा वर्षांत झालं नाही." पुढे महिनाभर ते लोकांना त्या नाटकाला पाठवत होते.

तेव्हा कलाकारासाठी नको, तुमच्या स्वतःच्या करमणुकीसाठी म्हणून सांगते, पैसे टाका.

प्रश्न : नाटक चालू असताना मोबाईल वाजवणाऱ्यांचं काय करावं? (रत्नागिरी)

काकू : त्याच्याकडे बघू नका. फोन वाजला की ज्याचा वाजतो तो पहिल्यांदा स्वतः मान वळवून इकडेतिकडे बघतो, कोण हा असंस्कृत माणूस म्हणून. तेवढ्यात आणखी दोनदा वाजतो. मग बाईसाहेब पर्स उघडतात, पर्समधल्या पिशवीतली पिशवी उघडतात, आणि फोन बाहेर आल्यामुळे आवाज दुप्पट होतो. नट थांबतो. काही नट थांबून सुनावतात, त्याला टाळ्या पडतात, आणि सर्वांत जोरात टाळ्या ज्याचा फोन वाजला त्याच्या असतात. माझं मत विचाराल तर फोन परवडला. फोन एकदा वाजून बंद होतो. कुरकुऱ्यांची पिशवी करुण प्रसंगात हळू हळू उघडणारा माणूस जास्त छळतो, कारण तो बिचारा आवाज होऊ नये म्हणूनच हळू उघडत असतो.

प्रश्न : शेवटच्या पाच मिनिटांत लोक उठून का पळतात? समोर नट जीव तोडून काम करत असतात. हा अपमान नाही का? (एक हौशी नट, पनवेल)

काकू : तुमचं दुःख समजतं, पण मी पळणाऱ्यांच्या बाजूची आहे. रात्री साडेआठचा खेळ सुटायला सव्वाअकरा. प्रेक्षक आलेला असतो बदलापूर, टिटवाळा, विरारहून. गिरणगावातली माणसं गेली कुठे? तिकडेच गेली. परळच्या दामोदर नाट्यगृहात, ते १९२२ चं, गिरणी कामगार स्वतः नाटकं बसवायचे, आणि खेळ सुटल्यावर चालत घरी जायचे. घर पाच मिनिटांवर होतं, म्हणून शेवटचा प्रवेश निवांत बघता यायचा. त्यांचीच मुलं आता दीड तासाच्या लोकलवर राहतात. तो माणूस घड्याळाकडे बघतो तेव्हा त्याला तुमचा अभिनय दिसत नाही असं नाही, त्याला कल्याणला उभं राहून काढायची रात्र दिसते.

पाच अंकी नाटकांची तीन अंकी झाली, तीनाची दोन अंकी झाली. जाणकार त्याला कलेची कारणं सांगतात, तीही असतील. मला खिडकीतून लोकलचं वेळापत्रकही दिसत होतं.

सिनेमा संपायच्या आधी मॉलमधल्या पार्किंगसाठी पळतात त्यांची बाजू मी घेणार नाही. त्यांना कसली घाई असते? गाडी त्यांची स्वतःचीच असते.

प्रश्न : आमच्याकडे तियात्रात, म्हणजे आमच्या कोकणी नाटकात, कांतार म्हणजे गाणं आवडलं की लोक शिट्ट्या मारून पुन्हा गायला लावतात. मराठी नाटकाला येणारे इतके गप्प का? (मडगाव)

काकू : तुमचा तियात्र आमच्या मुंबईतच जन्मला की, १७ एप्रिल १८९२ ला, न्यू आल्फ्रेड थिएटरात. तेव्हा दोघंही सारखेच दंगेखोर असणार. संगीत नाटकात 'वन्स मोअर' मिळणं ही नटाची खरी मिळकत होती. पेटीवाला, तबलजी समोर बसलेले, लोकांनी म्हटलं की फिरून तीच जागा. आता संगीत रेकॉर्ड केलेलं, दिवे ठरल्या क्यूवर. कोणी 'वन्स मोअर' म्हटलं तर साऊंडवाला घामाघूम होईल. आणि माणसांनाही कोणी आधी उठायचं याची लाज वाटते. तुमच्याकडे ती वाटत नाही, टिकवा.

प्रश्न : तिकीट खिडकीवर जाऊन घ्यावं की ॲपवर? तुमचं मत एकतर्फी असणार हे गृहीत धरतो. (डोंबिवली)

काकू : गृहीत चुकलं. ॲप चांगलं आहे. रांग नाही, सुट्ट्यांचा वाद नाही, आणि कडेची खुर्ची देताना "इथून बाहेर पडायला बरं पडतं" असं सांगणारी बाई नाही. प्लॅन तुमच्या हातात. निळ्या पेन्सिलीच्या जागी राखाडी चौकोन.

गेल्या महिन्यात मी स्वतः ॲपवरून माझ्याच जुन्या नाट्यगृहाचं तिकीट काढलं. नातवाने दोनदा शिकवलं होतं. चष्मा लावून खुर्ची निवडली, पैसे गेले, मेसेज आला नाही. पाच मिनिटं थांबले आणि पुन्हा काढलं. मग दोन्ही मेसेज एकदम आले. पहिलं तिकीट शनिवारचं, दुसरं रविवारचं, खुर्ची दोन्हीकडे तीच. एकतीस वर्षं दुसऱ्यांना "तारीख नीट बघून घ्या, बदलून मिळणार नाही" असं खडसावणारी मी. नातू म्हणाला, एक कोणाला तरी देऊन टाक. दिरांचं नाव डोक्यात आलं होतं, पण नको म्हटलं.

दोन्ही दिवस गेले. शनिवारी पहिल्या अंकात आठ हशे पडले. रविवारी सातच, चौथा पडला नाही. मी मान वळवून पाहिलं, तर पुढच्या दोन रांगा भरलेल्या होत्या आणि कोणाच्याच हातात तिकिटाचा तुकडा नव्हता.